सतरा नंबरचं वजन

ऑफिसात जिला सगळे चाळणी म्हणत, तिने स्टीलची पट्टी वजनांच्या तक्त्यातल्या सतराव्या ओळीखाली ठेवली आणि बोट एकेका महिन्यावरून सरकवत नेलं. सहावा महिना, चौपन्न पूर्णांक सहा. सातवा, चौपन्न पूर्णांक सहा. आठवा, तेच. बोट बाराव्या महिन्यापर्यंत पोचलं तरी आकडा काही जागचा हलला नाही. तिने चष्मा कपाळावर ढकलला, परत खाली ओढला आणि मनातल्या मनात म्हणाली, सापडलात!

माणसाचं वजन असं राहत नाही. सकाळचं संध्याकाळी राहत नाही, तर सात महिने कुठून राहणार? दोन पेले पाणी प्यायलं तरी काटा हलतो. ओले केस, जाडा स्वेटर, चार दिवसांचं आजारपण, बढतीची पार्टी, सगळं त्या काट्यावर उमटतं. इथे मात्र सतरा नंबरच्या बाई सात महिने दगडासारख्या बसल्या होत्या. आकडे घरी बसून भरलेत मेल्यांनी, तेही आळस करून. निदान एखादा तरी खालीवर करायचा!

ग्राहकांसाठी निघणाऱ्या एका मासिकात ती वीस वर्षं हेच काम करत होती. कुणी म्हणायचं आमच्या तेलाने टकलावर केस उगवतात, कुणी म्हणायचं आमच्या गादीने पाठदुखी पळते. असले दावे घ्यायचे, त्यामागची कागदपत्रं मागवायची आणि चाळून बघायची. बहुतेकदा वर खडेच उरायचे. म्हणून ऑफिसने तिचं नाव चाळणी ठेवलं होतं, आणि खरं सांगायचं तर तिला ते आवडायचं. दुकानात सुद्धा ती डबीवरची बारीक अक्षरं वाचल्याशिवाय साबण घ्यायची नाही. मागे उभ्या असलेल्यांच्या नाकी नऊ यायचे, पण हिला त्याचं काय!

या खेपेचा दावा आहार केंद्राचा होता. साखर, भात, मैदा, दूध, जे जे पांढरं ते ते बंद. आणि 'उतरलेलं वजन वर्षभर उतरलेलंच राहतं', असं त्यांच्या पुस्तिकेवर ठळक छापलेलं होतं. पुराव्यासाठी केंद्राने चाळीस जणांचा तक्ता पाठवला होता, नावं नाहीत, नुसते नंबर. चाळीसपैकी सव्वीस जणांचं वजन वर्षाअखेरीस कमीच होतं. संपादक म्हणाले होते, "खरं असेल तर खरं म्हणून छापू. आपण काही कुणाचे वैरी नाही." खातरजमा म्हणून चाळणी मूळ नोंदी बघायला केंद्रात आली होती, आणि दुपारपासून वजनाच्या खोलीत बसली होती.

तिची थोरली बहीण, ताई, याच केंद्रात यायची, हे तिने संपादकांना सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर फाइल दुसऱ्या कुणाकडे गेली असती. तसा नियमच होता, आणि तो नियम लिहिणारीही तीच होती.

खोली लहानशी होती. मधोमध उभा वजनकाटा, शेजारी चपला काढायला लाकडी फळी, कोपऱ्यात पडदा आणि भिंतभर फोटो. प्रत्येक फोटोत एकच माणूस दोनदा, डावीकडे जाड आणि उजवीकडे बारीक. चाळणी मुद्दाम भिंतीकडे पाठ करून बसली होती. त्यात ताई नाही हे तिने आल्या आल्या बघून घेतलं होतं, तरी पाठीवर कुणाचे तरी डोळे आहेत असं तिला सारखं वाटत होतं.

"चहा आणू का मॅडम?" वजन करणाऱ्या बाईंनी विचारलं. पन्नाशीच्या, ठेंगण्या, हसऱ्या बाई होत्या. केंद्रात सगळे त्यांना काटेवाली म्हणत. "बिनसाखरेचा मिळेल. इथे दुसरा मिळतच नाही. मी स्वतः साखरेचा घरून पिऊन येते, पण ते तुम्ही लिहू नका!"

एरवी चाळणी हसली असती. तिने पट्टी न उचलता विचारलं, "हे सतरा नंबर कोण?"

"नाव नाही सांगता येणार."

"नाव नको. सात महिने एका ग्रॅमचाही फरक नाही. काटा बंद पडला होता की बाई?"

काटेवाली वाकल्या, ओळ बघितली आणि त्यांचा चेहरा उलट खुलला.

"अहो, त्या यायच्या बंद झाल्या. पाच महिने आल्या, मग नाही. जे मधेच सोडतात त्यांचं शेवटचं वजन आम्ही पुढे ओढतो. वर्ष संपेपर्यंत तेच धरायचं."

"कुणी सांगितलं असं करायला?"

"तुम्हीच की!"

काटेवालींनी टेबलाचा खण ओढला आणि प्लास्टिकच्या पाकिटात जपून ठेवलेलं एक कात्रण तिच्यापुढे धरलं. चाळणीला ते वाचावं लागलं नाही. दोन वर्षांपूर्वी याच केंद्राला तिने झोडपून काढलं होतं. सोडून गेलेल्यांना यादीतून गाळता आणि टिकलेल्यांचीच टिमकी वाजवता, ही फसवणूक आहे, असं लिहिलं होतं. शेवटच्या परिच्छेदात उपायही सांगितला होता: सोडून गेलेल्यांचं शेवटचं वजन पुढे धरून हिशेब करा. तेव्हा तो प्रामाणिकपणाचा उपाय वाटला होता. बऱ्याच ठिकाणी तसं करतातही. सोडून गेलेला माणूस बारीक असतानाच सोडून गेला, तर तो वर्षभर बारीकच राहिला असं दिसेल, हे काही तिच्या डोक्यात आलं नव्हतं.

"आमचे सर तर तुमच्यावर खूश आहेत," काटेवाली म्हणाल्या. "म्हणतात, बाईंनी कान उपटले पण रस्ताही दाखवला."

"सव्वीसपैकी अशा ओढलेल्या ओळी किती?"

"असतील की सतरा-अठरा."

चाळणीने पेन्सिल खाली ठेवली. दावा तर निकालात निघाला होता. प्रत्येकाच्या नोंदीची कार्डं बघायची आता गरजही नव्हती, घरी जाऊन दोन पानं लिहिली की काम फत्ते. पण पट्टी अजून सतराव्या ओळीखालीच होती.

"या बाई का सोडून गेल्या?"

"काय ठाऊक! दोनदा फोन केला, कुणी उचलला नाही. बहुतेक सगळे कंटाळून जातात. पण या बाई कंटाळणाऱ्यातल्या नव्हत्या हो. काट्यावर चढताना पोरीसारख्या डोळे मिटून घ्यायच्या आणि म्हणायच्या, 'सांगा, पास की नापास?'"

चाळणीने पट्टी उचलून बाजूला ठेवली.

"कार्ड दाखवा," ती म्हणाली.

काटेवालींनी कपाटातून पुठ्ठ्याचं कार्ड काढलं आणि वरच्या कोपऱ्यातलं नाव अंगठ्याने झाकून टेबलावर धरलं. झाकून काय उपयोग? कार्डावरचे आकडे ज्याचे त्याने लिहायचे होते. इथल्या प्रत्येक सातच्या पोटात आडवी रेघ होती आणि प्रत्येक वजनाखाली दोन रेघा. ताईने तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. फळ्यावर उत्तर आलं की ती त्याखाली दोन रेघा मारायची. वाणसामानाच्या यादीत सुद्धा मारायची, आणि चाळणी तिला चिडवायची, "ताई, दोन किलो कांदे हे उत्तर नाहीये गं!"

"काढा अंगठा," चाळणी म्हणाली. "माझी बहीण आहे ती."

"अगं बाई!" काटेवालींनी अंगठा काढला. "खरंच? मग आधी नाही का सांगायचं! कशा आहेत आता? टिकवलंय ना वजन?"

ताईला जाऊन साडेपाच महिने झाले होते, आणि या खोलीत ती अजून चौपन्न पूर्णांक सहा होती. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी कुणीतरी पेन उचलून ताईला पुन्हा काट्यावर उभं केलं होतं. आजारात तिचं शेवटी काय झालं होतं ते चाळणीने पाहिलं होतं. दोन्ही हातांनी उचलून कुशीवर वळवताना तिला लागलेलं ते वजन कुणी लिहून ठेवलं नव्हतं. पाठीवरचे डोळे कुणाचे आहेत ते आता तिला कळलं.

"गेली ती," चाळणी म्हणाली. "तुमच्याकडे यायची थांबली ना, त्यानंतर दीड महिन्यात."

काटेवालींनी कार्ड टेबलावर ठेवलं.

"कशाने?"

"पोटात गाठ होती. स्वादुपिंडात. डॉक्टरांनी विचारलं, वजन कधीपासून उतरतंय? तर ताई म्हणते कशी, उतरत नाही हो, मी उतरवलंय! केवढ्या तोऱ्यात म्हणाली. डॉक्टर हसले नाहीत."

सगळ्यांना केवढं कौतुक होतं! शेजारीण रेसिपी विचारायची, शिंपी म्हणायचा बाई पुन्हा आलात का टीप घालायला. निळ्या ड्रेसला तीनदा टीप घातली होती. वर्गातली पोरं सुद्धा म्हणाली, मॅडम तुम्ही हिरॉइन दिसता. आणि वीस वर्षं लोकांचे दावे चाळणारी सख्खी बहीण म्हणाली, मस्त दिसतेस. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. केंद्राच्या पुस्तिकेची एक प्रत ताईने तिच्याकडे दिली होती, 'जरा बघ गं तुझ्या नजरेने' म्हणून. ती चाळणीच्या ऑफिसातल्या खणात पडून राहिली. आपला गुन्हा तेवढाच, न बघण्याचा, असं ती साडेपाच महिने धरून चालली होती. तेवढ्यावर रात्री कशीबशी झोप लागायची.

तिने कार्ड उलटलं.

मागच्या बाजूला दर भेटीचे तीन रकाने होते: भूक, तक्रार, शेरा. भुकेपुढे पहिल्या महिन्यात ताईने 'नेहमीसारखी' लिहिलं होतं, तिसऱ्यात 'कमी', पाचव्यात 'लागतच नाही'. त्या 'लागतच नाही'शेजारी केंद्राने लाल शाईचा तारा काढला होता, शाळेत वहीवर काढतात तसा. तक्रारीत लिहिलं होतं, 'वरच्या पोटात दुखतं, पाठीपर्यंत जातं.' आणि शेऱ्यात, त्याच नीटस अक्षरात:

'धाकटी बहीण असले दावेच तपासते. तिला विचारलं. म्हणाली, चालू ठेव.'

खाली दोन रेघा.

"नाही," चाळणी मोठ्याने म्हणाली. "मी असं काही—"

आणि तिला आठवलं. अंक छापायला जायचा दिवस. टेबलावर गादीवाल्यांची फाइल, दोन्ही हातांत कागद, फोन कान आणि खांदा यांच्यामध्ये दाबलेला. ताई पलीकडून म्हणत होती, अगं भूकच लागत नाही हल्ली, पोटातही जरा दुखतं, चालू ठेवू का गं? आणि हिने गादीच्या आकड्यांवरची नजर न काढता विचारलं होतं, उतरतंय ना? मग चालेल की, चालू ठेव. अर्ध्या मिनिटाचा फोन. गादीचा लेख मात्र फार नेमका झाला होता, वाचकांची पत्रं आली होती.

"मी त्यांना म्हटलं होतं डॉक्टरांना दाखवा," काटेवाली हळूच म्हणाल्या. "दुखणं पाठीपर्यंत जातंय म्हणाल्यावर मला बरं वाटलं नव्हतं. शपथ घेऊन सांगते. पण मग त्यांनी तो शेरा लिहिला. दावे तपासणारी सख्खी बहीणच चालू ठेव म्हणतेय म्हटल्यावर आम्ही कोण हो बोलणार?"

त्या रडू लागल्या. चाळणीला रडू येत नव्हतं, आणि याचा तिला राग येत होता. तिने मूळ तक्ता पुढे ओढला.

"हे खोडायला हवं," ती म्हणाली. "सहाव्या महिन्यापासून."

"खाडाखोडीला कारण लिहावं लागतं. खाली सही, आणि सहीखाली आपण कोण ते."

"द्या पेन."

सात आकडे खोडायला तिला वेळ लागला. सहाव्या महिन्यावर रेघ मारली, कारण लिहिलं: 'आजारी होती.' सातव्यापासून पुढे: 'हयात नव्हती.' प्रत्येक वेळी ताईला काट्यावरून हाताला धरून उतरवावं लागत होतं, आणि ती उतरायला तयार नव्हती. बाराव्याशी पोचल्यावर चाळणी थांबली. खाली सहीची जागा होती. सही केली तर फाइल तिच्या हातातून जाणार, संपादकांना सगळं कळणार, आणि ताईचा शेरा अहवालात उतरवावा लागणार, शब्दन् शब्द. न करावी तर चाळीसमधली एक ओळ कुणी विचारणारही नव्हतं. दावा तसाही पडलाच होता.

तिने सही केली. सहीखाली लिहिलं, 'तपासनीस', आणि त्यापुढे, 'शेऱ्यातली बहीण'.

तेवढ्यात टेबलावरचा तिचा फोन थरथरला. पडद्यावर नाव आलं: ताई.

काटेवालींचं लक्ष गेलं आणि त्यांनी तोंडावर हात नेला.

"भाची आहे," चाळणी म्हणाली. "आईचाच फोन वापरते. मला नाव बदलवत नाही."

भाची ताईची एकुलती एक. बाप ती लहान असतानाच गेला होता. तेवीस वर्षांची पोर, वाचनालयात कामाला, आईच्या घरात आता एकटीच राहायची. चाळणी दर रविवारी जायची, पण गेले दोन-तीन महिने भाचीच काही ना काही सबब सांगून टाळत होती. तरुण आहे, असेल कुणीतरी, म्हणून चाळणीने फार खोदून विचारलं नव्हतं.

"मावशी! कामात आहेस का?" फोनवर तिचा आवाज हुबेहूब आईचा यायचा. सुरुवातीला चाळणी दचकायची. आज दचकली नाही, नुसतं ऐकत राहिली. "एक गंमत सांगू? आईचा निळा ड्रेस माझ्या अंगात गेला!"

"तो? तीनदा टीप घातलेला?"

"तोच! उलट कमरेत सैलच होतोय. तू येशील तेव्हा एकदम दाखवणार होते, पण राहवेना. चार महिने झाले मी आईचाच आहार करतेय. तिची पुस्तिका, तिचंच वेळापत्रक. स्वयंपाकघरात अजून भिंतीवर आहे ना ते."

चाळणी उठून उभी राहिली. चष्मा टेबलावर पडला.

"मला विचारलं का नाहीस?"

"विचारायचं काय त्यात? आईने तुला विचारलं तेव्हा मी शेजारीच बसले होते की. तू म्हणालीस, चालू ठेव. तेच धरून चालले मी." भाची हसली. "हल्ली तर भूकही लागत नाही बघ. चांगलंच ना?"

खोडलेल्या सात आकड्यांवरची शाई अजून ओली होती. चाळणीने फोन कानाशी दोन्ही हातांनी धरला.

"पोटात दुखतं का तुझ्या?"

"तू आधी सांग ना," भाची म्हणाली, आणि तो आवाज तिचा नव्हताच. "चालू ठेवू का गं?"

"नाही. काहीतरी खाऊन घे. भात असेल तर भात, दूध असेल तर दूध. मी येतेय आणि आपण डॉक्टरांकडे जातोय."

"आत्ता? मावशी, असं काय घाबरवतेस! आणि आईला तर तू—"

"आईला मी न वाचता सांगितलं होतं," चाळणी म्हणाली. "दार उघडं ठेव. निघालेय मी."